भिंतीकडची पेटी

पिल्लं निघायच्या दिवशी या घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. आई होती तेव्हाही नाही. पण तेव्हाचं ते गप्प राहणं धास्तीचं होतं. या खेपेला मात्र सगळे अंड्यांकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त पाहत होते.

उबवणीच्या खोलीच्या दारात औषधाच्या पाण्याची उथळ परात असे. तिच्यात पाय बुडवून एकेक जण आत आला. आधी आबा, मग त्यांची मुलगी ताई, मग ताईचा धाकटा भाऊ बापू आणि त्याची बायको. घरात आणि घराबाहेरही तिला सगळे वहिनीच म्हणत. शेवटी पिंपमामा आले. ते आईचे भाऊ. डिझेलची पिंपं पुरवता पुरवता त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं. खरं तर मामांचं आज इथे काही काम नव्हतं. पण छपरावर सोलर पॅनल चढल्यापासून त्यांचं या घरातलं येणंजाणं वाढलं होतं. का वाढलं, यावर प्रत्येकाचं आपापलं मत होतं आणि एकाचंही चांगलं नव्हतं.

आबांनी पॅनल, बॅटऱ्या आणि छपरावरची छोटी पवनचक्की बसवू दिली ती एका अटीवर. सगळ्यांना समोर बसवून ते म्हणाले होते, "एक बॅच. पूर्ण एकवीस दिवस. पिल्लं नेहमीसारखी निघाली तर तुझं ऊन राहील. नाही निघाली तर ज्याच्यामुळे ती मेली त्यानं या खोलीच्या किल्ल्या खाली ठेवायच्या आणि परत हात लावायचा नाही." किल्ल्यांचे जुडगे दोनच. एक आबांच्या कमरेला, दुसरा ताईकडे. आई गेल्यावर शहरातली वीज कंपनीची नोकरी सोडून ताई परत आली, तेव्हा आईचा जुडगा तिला मिळाला होता. 'ज्याच्यामुळे' म्हणजे कोणामुळे, हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

अंडी उबवायच्या दोन पेट्यांपैकी ताईनं आधी दाराकडची उघडली. चिवचिवाटानं खोली भरून गेली. ओलसर, पिवळी, एकमेकांच्या अंगावर चढणारी पिल्लं. ट्रेमागून ट्रे भरलेले. वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. बापू चपलेच्या टोकाशी काहीतरी शोधत होता.

मग ताईनं भिंतीकडची पेटी उघडली. नुसती ऊब अंगावर आली, आवाज आला नाही.

वरच्या ट्रेमध्ये तीन-चार पिल्लं धडपडत होती. बाकी अंडी होती तशीच. काहींना टवका पडलेला, आतून चोच लावलेली आणि तिथेच थांबलेली. ताईनं एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि पापणीला लावलं. आईनं शिकवलेली ही पद्धत. तापमापक खोटं बोलेल, पापणी खोटं बोलणार नाही, असं आई म्हणायची.

"ऊब बरोबर आहे," ताई हळूच म्हणाली. मग तिनं अंडं ट्रेच्या कडेवर फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. त्याला फक्त बाहेर यायचं राहिलं होतं.

वहिनीला आधी वाईट वाटलं. मग किल्ल्या आता आपल्याकडे येणार म्हणून बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचा तिला इतका राग आला, की तिनं पदर उगाचच खोचून घेतला.

"झालं," आबा म्हणाले.

"झालं नाही," ताई म्हणाली. "काय झालं ते बघू द्या."

"बघायचं काय त्यात?" बापूनं आता मान वर केली. "मागच्या आठवड्यात ओळीनं आभाळ भरलेलं होतं. ऊन नाही, वारा नाही. ती तुझी चक्की तर कावळ्याला बसायच्या कामाची झाली होती. पेट्या कशावर चालल्या?"

"बॅटरीवर. बॅटरी उतरली की तारेच्या विजेवर. हे आधीच ठरलेलं होतं."

"आणि तारेची वीज गेली की?"

"गेली ना. पण दोन्ही एकदम गेली असं एकदाही झालं नाही. मी बघत होते."

"ऊन फुकट, वारा फुकट म्हणाली होतीस," आबा म्हणाले.

"सगळं फुकट म्हणाले नव्हते, आबा. ऊन फुकट आहे, ते साठवणं फुकट नाही, असं म्हणाले होते. पॅनल जितके लागतात त्याहून जास्त लावावे लागतील, कारण आभाळ आपल्याला विचारून येत नाही, हेही म्हणाले होते. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतील, तो खर्च धरूनही डिझेलपेक्षा स्वस्त पडेल, हेसुद्धा. तुम्ही त्यातला पहिला शब्द तेवढा ऐकलात."

"माझ्या कानाला दोष देऊ नकोस."

"देत नाही."

"स्वस्त कुठे पडलं?" बापू म्हणाला. तो दाराबाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात डिझेलच्या पिंपात बुडवायची काठी होती. ती त्यानं सगळ्यांसमोर धरली. खालचं बोटभर टोक तेवढं ओलं होतं. "बॅच सुरू झाली त्या दिवशी मामांनी पिंप तोंडापर्यंत भरून दिलं. ताई, जनरेटर किती वेळा लागला?"

"एकदाही नाही. बॅटरीच्या स्क्रीनवर शून्य आहे. ये, दाखवते."

"शून्य. मग पिंप कोण प्यालं?"

दाराकडच्या पेटीतली पिल्लं तेवढी ओरडत राहिली. मग सगळ्यांच्या नजरा, ठरवून वळाव्यात तशा, मामांकडे वळल्या.

*

मामांनी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण ते पैसे देणाऱ्यांकडून. नात्यातल्या माणसांनी असं डोळ्यांनी बोललेलं त्यांना झोंबलं.

"बोला की," ते म्हणाले. "भरलेलं पिंप दाखवून अर्धंच ओतलं, असं म्हणायचंय ना? नाहीतर नळी लावून काढून नेलं?"

"कुणी म्हणालं का तसं?" आबा म्हणाले.

"दाजी, तुम्ही न म्हणता म्हणण्यात हुशार आहात, हे माझ्या बहिणीला पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"तिला मध्ये आणू नका."

"का आणू नको? सोलर आल्यावर माझा धंदा बसणार म्हणून मी खोडा घातला, असंच वाटतंय ना सगळ्यांना? घालायचाच असता तर पॅनलला दगड मारला असता. डिझेल चोरून काय मिळणार मला? डिझेल तर माझ्याकडेच आहे!"

हे खरं होतं आणि म्हणूनच कुणाला आवडलं नाही. मामा पेटले होते. आता ते थांबणार नव्हते.

"आणि चोरीचंच काढताय तर मीही काढतो. पहाटे माझी गाडी या गल्लीतून जाते. रोज तुमच्या मागच्या अंगाला जनरेटर चालू असतो. मला वाटलं, दुसऱ्याकडून स्वस्तात डिझेल घ्यायला लागले. म्हटलं घेऊ दे. मूग गिळून बसलो."

"रोज?" ताईनं विचारलं.

"रोज."

"मीही ऐकलंय," बापू म्हणाला. काठी अजून त्याच्या हातातच होती. "आमची खोली मागेच आहे. उजाडायच्या आत सुरू होतो, अर्ध्या तासानं बंद होतो. ताई, स्पष्ट बोलतो. उन्हाचं नाव आणि डिझेलचं काम, असं चाललं होतं तुझं."

ताईची खोली पुढच्या बाजूला, रस्त्यावर. पहाटेपासून तिच्या खिडकीखालून ट्रक जातात. मागच्या अंगाला तोफ उडाली असती तरी तिला कळलं नसतं.

"तू ऐकलंस," ती म्हणाली, "तुला वाटलं मी फसवतेय. आणि इतके दिवस मला एका शब्दानं विचारलं नाहीस?"

"आजच्यासाठी ठेवलं होतं."

तो हे इतक्या सहज बोलून गेला, की बोलल्यावर त्यालाच ते कसंतरी वाटलं. त्यानं आधारासाठी बायकोकडे पाहिलं. वहिनीनं मान वळवली. तिनंही ऐकलं होतं. दोघं अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकायची. तो तिला कोपरानं ढोसायचा आणि दोघं अंधारात हसायची.

म्हणजे मामा, बापू आणि वहिनी, तिघांच्या कानावर तो आवाज पडत होता. तिघांनीही तो दुसऱ्याचं पाप म्हणून जपून ठेवला होता, वेळ आली की काढायला. आबांना कुणी विचारलं नाही. आबांना असं काही विचारायची या घरात रीतच नव्हती.

*

ताईला भांडायचं नव्हतं असं नाही. तिला खूप भांडायचं होतं. पण तिच्या हातात अजून ते फुटलेलं अंडं होतं आणि एक गोष्ट तिच्या डोक्यातून हलत नव्हती.

"बापू, दोन्ही पेट्यांना वीज कुठून येते?"

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाही. कुठून येते?"

"एकाच बोर्डवरून."

"मग ऊन कमी पडलं, बॅटरी उतरली, वीज खालीवर झाली, काहीही झालं तरी दोन्ही पेट्यांना सारखंच व्हायला हवं. दाराकडची भरून निघाली आणि भिंतीकडचीच का मेली?"

बापूनं काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"ऊब बरोबर होती. पापणीला लावून बघितलं मी. पिल्लं पूर्ण वाढली होती. विजेनं मेली नाहीत ही, आबा. दुसऱ्या कशानं तरी मेली."

आबा पेटीकडे पाहत होते, ताईकडे नाही.

दाराकडची पेटी हवा घेते ती पुढच्या पॅसेजमधून. भिंतीकडची घेते ती थेट बाहेरून, मागच्या भिंतीतल्या जाळीतून. ताई पेटीच्या मागे शिरली. जागा इतकी अरुंद की तिला आडवं व्हावं लागलं.

"वहिनी, ही जाळी कधी धुतली होती?"

"बॅच लावायच्या आधी. मीच घासली होती, चांगली ब्रशनं." वहिनीही पुढे झाली. तिनं हात लांबवून जाळीवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. ते काळं झालं होतं. तेलकट काळं. तिनं अंगठ्यानं पुसून पाहिलं तर डाग पसरला.

"ही काजळी आहे," ती म्हणाली. "चुलीची नाही. चुलीची अशी चिकटत नाही."

खोलीत औषधाचा वास इतका भरलेला असायचा, की दुसरा कुठला वास नाकाला लागायचाच नाही. सगळे मागच्या दारानं बाहेर गेले. भिंतीलगत, बरोबर जाळीच्या खाली, जनरेटर उभा होता. धुराची नळी वर तोंड करून. तिच्या तोंडापासून जाळीपर्यंत भिंतीवर काळा पट्टा गेला होता. मामांनी इंजिनावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"आजही चाललाय," ते म्हणाले.

ताईला तो पट्टा दिसत होता आणि त्याच्याही आधीचं दिसत होतं. जनरेटर पूर्वी अंगणाच्या पार टोकाला, शेडमध्ये असायचा. बॅटऱ्यांना थंड आणि कोरडी जागा हवी होती, म्हणून ती शेड तिनं घेतली. जनरेटर कुठे ठेवायचा असं कामगारांनी विचारलं तेव्हा तिनं वरही न पाहता सांगितलं होतं, ठेवा कुठेतरी भिंतीला, तो आता लागणार नाही. किती खात्रीनं सांगितलं होतं! ढग येणार हे धरलं होतं, वारा पडणार हे धरलं होतं. या घरातली माणसं तेवढी हिशेबात धरायची राहिली होती.

"इथे कुणी आणला हा?" बापूनं विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं.

"मी," ताई म्हणाली. "जागा मी बदलली. जाळी वर आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चालवला कुणी ते मला माहीत नाही. पण इथे नसता तर कुणीही चालवला असता तरी धूर जाळीतून आत गेला नसता आणि पिल्लं मेली नसती."

ती आत गेली. सगळे मागोमाग गेले. तिनं कमरेचा जुडगा सोडला आणि मेलेल्या अंड्यांच्या ट्रेवर ठेवला. आईचा जुडगा. त्याच्या कडीला आईनं बांधलेला निळा दोरा अजून होता.

"आबा, तुमच्या शब्दाप्रमाणे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. तो चिरकू नये म्हणून ती किती धडपडत होती, हे सगळ्यांना दिसलं.

*

आबांना आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम त्यांना आयुष्यात क्वचितच मिळालं होतं. पोरगी स्वतःहून हरली होती. पॅनल उतरले असते, बापू खूश झाला असता, आणि पिंप कोण प्यालं हे मामांच्या माथी कायमचं राहिलं असतं. मामांना त्याची सवय झाली असती.

त्यांची नजर निळ्या दोऱ्यावर गेली.

वादळाच्या वर्षी तारा तुटल्या तेव्हा जनरेटर उन्हाळाभर बंद पडून होता. त्यांनी हँडल मारलं, मारत राहिले, तळहाताची साल निघाली, पण इंजिन धरेना. घरातल्या सगळ्या गोधड्या आईनं खोलीत आणल्या. अंडी त्यांत गुंडाळली, पोरांच्या कुशीत दिली, एकेक पापणीला लावून बघत राहिली. बॅच गेली ती गेलीच. नंतर आई त्यांना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं त्यांना इतक्या वर्षांत कितीदा तरी वाटलं होतं.

"मामांनी नाही चोरलं," आबा म्हणाले. "मी चालवत होतो."

बापूनं मान झटकन वळवली.

"पेट्यांना जोडत नव्हतो. नुसता चालवून बघायचो. हँडल मारलं की धरतो की नाही, एवढंच. आभाळ भरलं त्या दिवसांत जास्त वेळ."

"म्हणून स्क्रीनवर शून्य," ताई पुटपुटली. "आबा, रोज?"

"रोज."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आबांचा माझ्यावर विश्वास नाही."

"नव्हताच ना?"

"नव्हता," आबा म्हणाले. "उन्हावर नव्हता. तुझ्यावरही नव्हता. तुझा हिशेब चुकेल आणि हे धूड ऐनवेळी धरणार नाही, या दोन्हीची भीती होती. बघ आता. हिशेब तुझा बरोबर निघाला, धूडही रोज धरत होतं, आणि पिल्लं मी मारली."

त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि ताईच्या जुडग्याशेजारी ठेवला. "माझा शब्द असा होता, की ज्याच्यामुळे मेली त्यानं ठेवायच्या."

दोन्ही जुडगे मेलेल्या अंड्यांवर पडून राहिले. या खोलीला पहिल्यांदाच कुणी मालक नव्हता. बापूचा हात ट्रेच्या दिशेनं जरासा पुढे आला.

"अहो," वहिनी म्हणाली, "हात कुठे चाललाय?"

"कुठे काय? मान खाजवत होतो."

"मान वर असते."

मामा इतक्या जोरात हसले, की पिल्लं क्षणभर गप्प झाली. मग त्यांना आपण रुसलेलो आहोत हे आठवलं आणि त्यांनी चेहरा पुन्हा पाडला. "मला चोर म्हणालात त्याचं काय?"

"म्हणालो नाही," आबा म्हणाले.

"मनात म्हणालात. तेवढ्यासाठी आज जेवायला थांबतो. आणि हे धूड जुन्या जागी न्यायला माणसं आणतो, त्यांचंही जेवण तुमच्याकडे."

"शेडमध्ये बॅटऱ्या आहेत," ताई म्हणाली.

"शेडच्या पलीकडे. नळी रानाकडे करून. भिंतीपासून लांब."

ताई ट्रेजवळ गेली. आधी तिनं निळ्या दोऱ्याचा जुडगा उचलला. मग आबांचा. जड होता तो, किती वर्षांच्या किल्ल्या होत्या त्यात. आबांनी तोंड फिरवलं. घ्यायचं तर लवकर घे, असं त्यांच्या पाठीकडे पाहून वाटत होतं.

खिळ्याला जनरेटरचं हँडल अडकवलेलं होतं. लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालेली. ताईनं ते काढलं आणि आबांचा जुडगा न् ते हँडल, दोन्ही त्यांच्या हातात ठेवलं.

"ढगाळ दिवसांचं मलाही वचन देता येत नाही," ती म्हणाली. "जनरेटर लागेल. कधी ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. तेव्हा चालवून बघत जा. रोज नको, डिझेल परवडणार नाही, आठवड्यातून एकदा. पेट्या जोडून, म्हणजे स्क्रीनवर दिसेल. फक्त सुरू करायच्या आधी मला हाक मारा."

"तुझ्या खोलीत ऐकू जात नाही."

"मोठ्यानं मारा."

बाहेर पिल्लं न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. बापू खोकी उचलायला गेला. आबा हँडल हातात धरून उभे राहिले. आपल्याला क्षमा केली गेली की कामाला लावलं गेलं, हे त्यांना नीट कळलं नव्हतं.

दुपारी जनरेटर हलला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याची नव्या जागी पहिली चाचणी ठरली. आभाळ भरलेलं होतं. बापू अंथरुणावर जागा होता. वहिनीही जागी होती. पुढच्या खोलीत ताई खिडकीची कडी काढून, मागच्या बाजूला कान लावून बसली होती. मामांनी आपली गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवून इंजिन बंद केलं होतं. कशासाठी ते त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग अंगणाच्या पार टोकाकडून आबांचा आवाज आला. इतका मोठा, की झाडावरची पाखरं उठली.

"पोरी, चालू करतोय गं!"

"करा!" ताई ओरडली.

"खरंच विचारून करतायत की नुसते ओरडतायत?" बापू कुजबुजला.

"गप्प बसा," वहिनी म्हणाली. "ऐकू द्या."

पहिल्याच झटक्यात इंजिनानं धरलं.